चेक्सवर लायनिंगचा टाय चालतो, फक्त माप बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीकेसीतल्या फायनान्स कंपनीत नवीन नोकरी लागलीय, क्लायंट आले की सूट-टाय लागतो, क्लायंट बरेचसे लंडनचे, काही मीटिंगा व्हिडिओ कॉलवर. सूट दोन, एक नेव्ही ब्लू आणि एक चारकोल ग्रे, दोन्ही प्लेन. शर्ट आठेक आहेत पण त्यातले दोनच प्लेन पांढरे, बाकी सगळे चेक्स नाहीतर लायनिंगचे. टाय एकच, तोही कॉम्बो बॉक्समधला. तर टाय कोणते घ्यायचे, चेक्सच्या शर्टवर लायनिंगचा टाय चालतो का, आणि भावाचं रिसेप्शन आहे तर तिथं काय घालायचं.

मी पुण्यात कॅम्पात सूट शिवायच्या धंद्यात आहे, काउंटरवर रोज हेच चालतं, त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण रंगापासून सुरवात करतो. "या शर्टवर मॅचिंग टाय दाखवा." खरं सांगू का, ऑफिसच्या कपड्यांत रंग चुकवायचा म्हटलं तरी अवघड आहे, कारण शर्ट फिरून फिरून पांढरा, आकाशी, फार तर फिका गुलाबी, आणि या तिन्हींवर नेव्ही, मरून, बॉटल ग्रीन असा कुठलाही गडद टाय बसतो. टाय शर्टापेक्षा गडद घेतला की रंगाचं निम्मं काम तिथंच संपलं. बिघडतं ते डिझाइनच्या मापावर. आकाशी चेक्सचा शर्ट, वर निळ्या बुट्टीचा टाय, रंग एका थानातले वाटावेत इतके जुळलेले, तरी समोरच्याला बघताना कसंतरीच होतं आणि का ते सांगता येत नाही. कारण साधं असतं, चेक्सचा चौकोन एक सेंटिमीटरचा आणि टायवरच्या बुट्ट्याही एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर. दोन्ही डिझाइन एका मापाची झाली की नजर कुठेच ठरत नाही, नुसती छातीवरून फिरत राहते.

आपल्या घरातल्या बायकांना हे कुणी न शिकवता कळतं. रुंद काठाच्या इरकलवर बारीक बुट्टीच्या खणाचा ब्लाऊज घालतात, दोन्हीवर नक्षी आहे, दोन्ही भडक रंगाचे आहेत, तरी एकमेकांच्या आड येत नाहीत कारण एकाचा काठ बोटांनी मोजावा असा आणि दुसऱ्याची बुट्टी तांदळाच्या दाण्याएवढी. शर्ट-टायचं गणितही हेच, फक्त पुरुषांनी ते इंग्रजी मासिकांतून वाचून उगाच अवघड करून ठेवलंय.

आता चेक्सवर लायनिंगचा टाय. चालतो, आणि छान दिसतो. पण शर्टचे चेक्स बारीक हवेत, म्हणजे चौकोन तीन-चार मिलिमीटरचा, आणि टायवरच्या रेघा चांगल्या रुंद आणि लांब लांब, दोन रेघांमधे दोन सेंटिमीटर तरी मोकळी जागा. उलटं केलंत, म्हणजे मोठ्या चौकड्याच्या शर्टवर दाट बारीक रेघांचा टाय, तर तो टाय लांबून प्लेनच दिसतो, तेही वाईट नाही. वाईट काय, तर दोन्ही मधल्या मापाचे. तुमच्याकडे जे मध्यम चेक्सचे शर्ट असतील (असतातच, आपल्याकडे रेडिमेडमधे तेच सगळ्यात जास्त खपतात), त्यांच्यावर लायनिंग आणि बुट्टी दोन्ही सोडा आणि प्लेन टाय लावा, डोक्याला ताप नको.

लायनिंगवर लायनिंग हा जरा वरच्या इयत्तेचा विषय आहे. जातीचं डिझाइन एकच असेल, रेघेवर रेघ किंवा चेक्सवर चेक्स, तेव्हा मापातला फरक दुप्पट असून भागत नाही, चौपट-पाचपट लागतो. शर्टवर पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक उभी रेघ आणि टायवर बोटभर रुंदीचा तिरका पट्टा, हे जमतं. त्यात पुन्हा शर्टची रेघ उभी आणि टायची तिरकी असल्यामुळे दिशा बदलते, ती मदत आपल्याला फुकटात मिळते. चेक्सवर चेक्सला ही दिशेची मदत तेवढी होत नाही म्हणून ते मी नवीन माणसाला सुचवतच नाही. आणि उद्या पिनस्ट्राइपचा सूट शिवलात तर सूट, शर्ट, टाय तिन्हीवर डिझाइन असं कराल तेव्हा करा, सध्या तिघांतला एक प्लेन ठेवा. तुमचे सूट प्लेनच आहेत, म्हणजे तो प्रश्न आपोआप सुटलेला आहे.

मापाच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे डिझाइन किती उठून दिसतं. पांढऱ्यावर काळे चेक्स आणि पांढऱ्यावर आकाशी चेक्स, चौकोन एकाच मापाचा असला तरी पहिला शर्ट चार पट जास्त ओरडतो. असा ओरडणारा शर्ट असेल तर त्यावर टाय न लावलेलाच बरा, शनिवारी जीन्सवर घाला.

काउंटरवर मी करतो ते तुम्ही घरी करून बघा. शर्ट इस्त्री करून, कॉलर वर येईल अशी घडी घालून पलंगावर ठेवा. टाय दुमडून, गाठीचा भास होईल असा कॉलरमधे अडकवा आणि कोटाची बाजू शेजारी ओढून घ्या, म्हणजे शर्टचा तेवढाच त्रिकोण दिसला पाहिजे जेवढा अंगात घातल्यावर दिसतो. मग सहा-सात फूट मागे सरका आणि डोळे किलकिले करून बघा. तीनपैकी एक काहीतरी होतं. टायची कड शर्टपासून स्वच्छ वेगळी दिसते, मग झालं. किंवा टाय शर्टात विरघळून जातो, म्हणजे माप फार जवळचं आहे. नाहीतर दोन्ही थरथरल्यासारखे वाटतात, तो तर लगेच बाजूला ठेवायचा. गिऱ्हाईक जवळून बघून "मस्त आहे" म्हणतं आणि मागे सरकलं की स्वतःच टाय परत ठेवतं, मला काही बोलावंच लागत नाही. मीटिंगमधेही समोरचा माणूस तुम्हाला टेबलापलीकडूनच बघणार आहे, भिंग लावून नाही.

आता लंडनच्या क्लायंटबद्दल, कारण हे तुम्हाला इथल्या दुकानात कुणी सांगणार नाही. इंग्लंडमधे तिरक्या रेघांचा टाय हा बऱ्याचदा बिल्ला असतो. कुठली पलटण, कुठलं कॉलेज, कुठला क्लब, ते रेघांच्या रंगावरून ओळखतात. लॉर्ड्सवरच्या पॅव्हेलियनमधे लाल-पिवळ्या पट्ट्यांचा टाय लावलेले म्हातारे टीव्हीवर बघितले असतील, ते एमसीसी या तिथल्या क्रिकेट क्लबचे मेंबर. नेव्ही आणि मरून रुंद पट्ट्यांचा टाय, जो आपल्याकडे प्रत्येक दुकानात टांगलेला असतो आणि ज्याला आपण एकदम सेफ समजतो, तो तिकडे राजघराण्याच्या गार्ड्स पलटणींचा टाय आहे. काळ्यावर बारीक फिकी निळी रेघ म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. कोणी भांडायला येणार नाही, पण समोरचा खरंच त्या पलटणीतून रिटायर झालेला निघाला आणि त्यानं हसून विचारलं "तुम्ही कुठल्या बटालियनचे?" तर उगाच पंचाईत. एक गंमत अशी की इंग्लिश टायच्या रेघा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजव्या कमरेकडे उतरतात, आणि न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सनं 20व्या शतकाच्या सुरवातीला तोच टाय उलट्या दिशेच्या रेघांनी विकायला काढला. त्यामुळे लायनिंगचा टाय घ्यायचाच असेल तर उजव्या खांद्याकडून डावीकडे उतरणाऱ्या रेघांचा घ्या, किंवा नेव्हीवर राखाडी, बॉटल ग्रीनवर नेव्ही असे सौम्य रंग घ्या. दोन रंगांचे सारख्या रुंदीचे भडक पट्टे तर आपल्याकडेही नकोच, इलॅस्टिकवाला शाळेचा टाय आठवतो.

आपल्या रंगाबद्दलही बोलायला हवं, कारण परदेशी फोटो बघून लोक बेज, पीच, फिका पिस्ता असले टाय मागतात. गव्हाळ किंवा सावळा रंग आणि काळे केस असले की चेहऱ्यातच मुळात छान उठाव असतो, त्याखाली कातडीच्याच रंगाच्या जवळपास जाणारा टाय लावला की सगळं एकसारखं मळकट दिसायला लागतं. पांढरा शुभ्र शर्ट आणि गडद टाय हे आपल्यावर जितकं खुलतं तितकं फिक्या गोऱ्या माणसावर खुलत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मरून, वाईन, बॉटल ग्रीन, विटकरी, गडद जांभळा, हे रंग बिनधास्त घ्या. काळा प्लेन टाय मात्र पांढऱ्या शर्टवर लावून जाऊ नका, एक तर हॉटेलचा स्टाफ वाटतो नाहीतर इंग्रजांच्या मैताला आल्यासारखं.

तर कोणते घ्यायचे. पाच पुरेत, आणि पाचही एकदम घ्यायची गरज नाही. सगळ्यात आधी नेव्ही प्लेन, पण गुळगुळीत साटीनसारखा नको, विणीचा पोत दिसणारा हवा. ग्रेनेडिन नावाची एक जाळीदार रेशमी वीण असते, इटलीत कोमोच्या भागात विणतात, महाग पडते, पण एक टाय आयुष्यात नीट घ्यायचा असेल तर तो हाच. लांबून प्लेन दिसतो म्हणून तुमच्या आठही शर्टांवर जातो आणि जवळून पोत दिसतो म्हणून कंटाळवाणा वाटत नाही. बजेट नसेल तर जाड रेप विणीचा, म्हणजे बारीक उंचवट्यांच्या धारी दिसणारा, प्लेन सिल्क घ्या. दुसरा मरून, बारीक बुट्टीचा, बुट्ट्या लांब लांब असलेला, तो दोन्ही पांढऱ्या शर्टांवर आणि बारीक लायनिंगवर चालेल. तिसरा वर सांगितलेला सौम्य रेघांचा. चौथा नेव्हीवर पांढरा टाचणीएवढा ठिपका, हा मोठ्या चेक्सच्या शर्टसाठी, लग्नकार्यातही चालतो. पाचवा विणलेला म्हणजे निटेड टाय, खाली सरळ कापल्यासारखा असतो तो, बॉटल ग्रीनमधे घ्या, शुक्रवारी ब्लेझरवर. कोयरीचा टाय मला स्वतःला फार आवडतो, पण कोयरीचं माप मोठं आणि रंग चार-पाच असतात, तो प्लेन शर्टशिवाय कशावर जात नाही आणि तुमच्याकडे प्लेन दोनच, म्हणून सध्या राहू दे.

कॉम्बो बॉक्स, म्हणजे टाय, रुमाल आणि कफलिंक एकाच कापडाच्या एकाच रंगाच्या, तो कुणीतरी गिफ्ट दिलाय असं लांबून ओरडून सांगतो. टाय वापरा, पण खिशातला रुमाल वेगळा, शक्यतो साधा पांढरा सुती, सरळ घडीचा. रुमालानं टायमधला एखादा बारीकसा रंग उचलला तर उत्तम, पण तेच कापड नको.

दुकानात टाय हातात घेतल्यावर काय बघायचं ते आता सांगतो. चांगला टाय उरेब कापलेला असतो, म्हणजे कापडाच्या ताण्या-बाण्याला 45 अंशात तिरका. जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या न्यूयॉर्कच्या शिंप्यानं 1920च्या दशकात उरेब कापून तीन तुकड्यांत टाय जोडायची पद्धत काढली, आणि त्यामुळेच टाय गाठ सोडल्यावर पुन्हा आपल्या आकारात येतो. पण कापड वाचवायला बरेच जण उरेब थोडा चुकवतात. ते ओळखायचं कसं, तर बारीक टोक चिमटीत धरून टाय मोकळा लोंबकळू द्या. सरळ राहिला तर ठीक, गिरकी घ्यायला लागला तर कापणी वाकडी आहे, गळ्यात पण तसाच फिरणार. मग उलटा करून मधली शिवण बघा. हाताने घातलेल्या सैल टाक्यांचा एकच दोरा असतो आणि टोकाशी त्याचा छोटासा फास आत लोंबत असतो, पुष्कळ लोक तो निघालेला दोरा समजून कापतात. कापू नका, त्याच सैल दोऱ्यामुळे टाय ताणला तरी फाटत नाही. शेवटी अंगठा आणि बोटात चुरगळून सोडा, आतलं अस्तर लोकरीचं असेल तर घडी आपोआप विरते.

रुंदी तुमच्या कोटाच्या लॅपलएवढी, म्हणजे छातीवर दुमडलेली जी पट्टी असते तिच्याएवढी. लॅपल तीन-सव्वातीन इंची असेल तर टाय तेवढाच, आठ सेंटिमीटरच्या आसपास. दोन इंची स्किनी टाय साधारण लॅपलच्या कोटावर बूटाच्या लेससारखा दिसतो.

गाठ. केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 1999 मधे गणित मांडून दाखवलं होतं की टाय बांधायच्या 85 पद्धती निघतात. तुम्हाला त्यातल्या दोन पुरेत, फोर-इन-हँड म्हणजे साधी निमुळती गाठ आणि हाफ विंडसर म्हणजे जरा भरीव. आपल्याकडे फुल विंडसरचं फार वेड आहे, केवढा मोठा त्रिकोण गळ्याखाली, समोशासारखा, आणि कॉलर त्याच्यावर बसायला तयार नसते. ज्या ड्यूक ऑफ विंडसरच्या (गादी सोडलेला इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड) नावानं ती गाठ चालते तो स्वतः ती बांधत नसे, तो जाड अस्तराचे टाय बनवून घ्यायचा आणि साधी फोर-इन-हँड बांधायचा. कॉलरची टोकं जवळ असतील तर फोर-इन-हँड, लांब फाकलेली असतील तर हाफ विंडसर. शेवटचा आवळा देताना गाठीच्या बरोब्बर खाली बोटानं एक खळी पाडा आणि बोट तसंच ठेवून गाठ वर सरकवा. एवढ्याशा खळीनं टायला जी जान येते ती कशानंच येत नाही.

लांबी म्हणजे टोक बेल्टच्या बक्कलवर टेकलं पाहिजे, ना वर ना खाली. बाजारातला टाय साधारण 57-58 इंचाचा असतो, आणि उंची पाच-चार, पाच-पाच असेल तर फोर-इन-हँडमधे तो लांब पडतो. मग हाफ विंडसर बांधा, तिच्यात एक वेढा जास्त जातो आणि लांबी खाल्ली जाते. बारीक टोक मागे जास्त राहिलं तर लूपमधून काढून सरळ पँटमधे खोचलं तरी चालतं, कोणाला दिसतंय. पण पँट लो-वेस्ट असेल तर टाय कितीही नीट बांधा, टोक आणि बक्कलच्या मधे शर्टचा तुकडा दिसत राहणार. तो दोष टायचा नाही, पँट वर घ्या.

व्हिडिओ कॉलला बारीक दाट चेक्स आणि केसासारखी लायनिंग अजिबात नको. कॅमेऱ्यात त्या बारीक रेघांवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा हलायला लागतात आणि समोरचा तुमचं बोलणं सोडून शर्टकडे बघत बसतो. म्हणजे जे शर्ट टेबलावर सगळ्यात सोपे तेच कॅमेऱ्यावर नडतात. कॉल असेल त्या दिवशी प्लेन पांढरा शर्ट आणि नेव्ही किंवा मरून टाय, विषय संपला.

मुंबईचं म्हणाल तर लोकलमधे टाय बांधून चढू नका, घामानं गाठीपाशी सिल्कला डाग पडतो आणि तो जात नाही. अर्ध्यात दुमडून सैल गुंडाळी करून बॅगेत ठेवा, ऑफिसात पोचल्यावर बांधा. संध्याकाळी काढताना जशी बांधली तशीच उलटी गाठ सोडवा, बारीक टोक हिसकून ओढायचं नाही. एकच टाय रोज लावू नका, त्याला एक-दोन दिवस टांगून आराम द्या. इस्त्री थेट फिरवू नका, बाथरूममधे गरम पाण्याच्या वाफेत टांगला की सुरकुत्या जातात.

राहिलं रिसेप्शन. तुम्ही नवरदेवाचे भाऊ, म्हणजे फोटोत सगळीकडे असणार पण नवरदेवापेक्षा उठून दिसायचं नाही. चारकोल सूट, पांढरा शर्ट, आणि वहिनींच्या शालूचा किंवा पैठणीचा जो काठ असेल त्याच्या आसपासचा गडद रंग टायमधे घ्या, वाईन असेल, मोरपंखी असेल. तंतोतंत तोच रंग शोधत लक्ष्मी रोड पालथा घालू नका. पैठणीच्या कापडाचे टाय मिळतात, जरीसकट, ते नवरदेवाला घालू देत, तेही प्लेन शर्टवर, बाकी सगळं साधं ठेवून. घरातल्या सहा पुरुषांनी एकाच रंगाचे सहा टाय घालायची जी टूम निघालीय ती मला अजिबात पटत नाही, केटररची माणसं कुठली आणि घरची कुठली ते पाहुण्यांना कळत नाही. आणि टाय घेतलात की आदल्या रात्री बांधून, खोलीतला दिवा मालवून, फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. पॉलिस्टर असेल तर पांढरा फटक चमकेल, आणि लग्नाचा फोटोग्राफर तर फ्लॅश मारणारच आहे.